समाधान शिकावे लागते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की मराठी दैनिकांतून ख्रिस्ती समाजावर दोन-चार लेख हमखास येतात. चांदण्या, गव्हाणी, केक, घरोघर फिरणारे गाणारे तरुण, आणि या सगळ्यांत ओवलेला 'आनंद' हा शब्द. तो आनंद खराच असतो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण या शब्दाचा एक चुकीचा अर्थ आता खुद्द मंडळीतच, म्हणजे चर्चच्या लोकांतच, घर करू लागला आहे आणि त्याने माणसे दुखावली जात आहेत, म्हणून हे पत्र. तो अर्थ असा, की विश्वास पक्का असेल तर माणूस सदा हसतमुख असलाच पाहिजे. मयताच्या घरी 'रडू नका, तो प्रभूकडे गेला' म्हणायचे. नोकरी गेलेल्याला 'स्तुती करा, सगळे ठीक होईल' म्हणायचे. साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केले ते सर्वांसमोर सांगायला, उभे राहायचे ते काम फत्ते झाल्यावरच. मग ज्याला हसू येत नाही तो आपल्याच विश्वासात खोट आहे असे धरून चालतो आणि एके रविवारी उपासनेला यायचा बंद होतो.

देवामध्ये आनंद आणि समाधान मिळते यावर आमचा पूर्ण भरवसा आहे. मात्र ते शिकावे लागते. हा शब्द आमचा नाही, येशूचा प्रेषित पौल याचा आहे. फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो, की आहे त्या परिस्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. पुढच्याच वचनात तो जो ग्रीक शब्द वापरतो, तो एखाद्या गूढाची दीक्षा घेण्यासाठी वापरला जाई. पाच वेळा एकोणचाळीस-एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, तीन वेळा जहाज फुटलेले, असा हा माणूस. त्यालाही ते उपजत आले नाही.

हे पत्र कुठे लिहिले आणि कुणाला, हे पाहिल्याशिवाय त्यातला आनंद कळत नाही. फिलिप्पै हे मासेदोनियातले रोमन वसाहतीचे शहर. त्याचे अवशेष आज उत्तर ग्रीसमध्ये कवाला या बंदराजवळ आहेत. पौल तिथे प्रथम गेला तेव्हा जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया ही व्यापारी बाई विश्वासात आली. पुढे पौल आणि त्याचा सोबती सीला यांना भर चौकात कपडे फाडून छड्यांनी मारले आणि तुरुंगाच्या आतल्या खोलीत पाय खोड्यात अडकवून टाकले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करीत होते, गात होते, आणि बाकीचे कैदी ऐकत होते. काही वर्षांनी पौल पुन्हा कैदेत होता. परंपरेप्रमाणे रोममध्ये, इ. स. 60 ते 62 च्या सुमारास. तिथून त्याने याच मंडळीला लिहिले. चार अध्याय, 104 वचने, आणि त्यांत 'आनंद' व 'आनंद करा' असे शब्द पंधरा-सोळा वेळा.

पण तेच पत्र नीट वाचा. एपफ्रदीत नावाचा माणूस फिलिप्पैहून मदत घेऊन आला आणि आजारी पडून मरता मरता वाचला. पौल लिहितो, की देवाने त्याच्यावर दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. त्याला घरी पाठवले म्हणजे माझी काळजी कमी होईल, असेही लिहितो. म्हणजे आनंदाच्या या पत्रात दुःख आहे, काळजी आहे, आणि ती लपवलेली नाही. 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे वचन घरोघरच्या भिंतींवर टांगलेले असते. त्याच्या दोनच वचने आधी युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांचे बिनसले आहे, त्यांनी एकचित्त व्हावे, आणि दुसऱ्या एकाने त्यांना मदत करावी, अशी विनंती आहे. भांडण मिटवा, मग आनंद करा, असा हा क्रम. अबोला धरून बसलेल्या दोन घरांमध्ये स्तुतीची गाणी कितीही जोरात म्हटली तरी काही होत नाही, हे पाळकांना चांगले ठाऊक असते.

समाधानासाठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द मूळचा स्टोइक, म्हणजे सुखदुःखात अविचल राहायला सांगणाऱ्या, तत्त्वज्ञांच्या आवडीचा. अर्थ साधारण असा, की ज्याचे कुणावाचून अडत नाही तो. पौल तो शब्द उचलतो आणि लगेच खाली लिहितो, की तरीही माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे फार चांगले केलेत. त्या काळच्या कैद्याचे जेवणखाण, पांघरूण हे बहुधा बाहेरच्या माणसांनीच बघायचे. एपफ्रदीत आला नसता तर पौलाचे हाल झाले असते, आणि ते तो मान्य करतो. ख्रिस्ती समाधान म्हणजे कुणाकडे काही न मागणारा ताठा, ही समजूत यामुळे टिकत नाही. मदत घेणे हाही त्या शिक्षणाचाच भाग आहे. आमच्या अनुभवात हा भाग पुरुषांना जास्त जड जातो.

आणखी एक गोष्ट. उपासमारीचेच नव्हे, भरपूर असण्याचेही रहस्य मी शिकलो, असे तो लिहितो. भरल्या ताटावर समाधानी राहणे हा वेगळा धडा आहे. पगार दुप्पट झाला की गरजाही दुप्पट होतात, घराचे हप्ते गळ्याशी येतात आणि प्रार्थना पुन्हा पैशावर येऊन थांबते. पहिल्या धड्याबद्दल उपदेश पुष्कळ होतात, दुसऱ्याबद्दल फार थोडे.

आता हे शिकायचे कसे? सुरुवात स्तुतीपासून करू नका, विलापापासून करा. ऐकायला उलटे वाटेल. पण बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी निदान एक-तृतीयांश विलापाची आहेत, ती उगाच नाहीत. 13 वे स्तोत्र घ्या. सहाच वचने. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो. देवा, कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार. तिसऱ्या-चौथ्यात मागणे आहे. पाचव्या-सहाव्यात भरवसा आणि गाणे. हेच माप घेऊन स्वतःची प्रार्थना लिहावी. दोन वाक्ये तक्रारीची, नावगाव घेऊन. दोन वाक्ये मागण्याची. शेवटी एक वाक्य भरवशाचे, जेवढे खरोखर म्हणवेल तेवढेच. ते वाक्य आले नाही तर ओढून आणू नये. 88 वे स्तोत्र काळोखातच संपते, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे. तक्रार देवासमोर मोकळी केली नाही तर ती आत राहून कुबट होते, आणि तिच्यावर घातलेली उपकारस्तुती ओल्या भिंतीवरच्या रंगासारखी आठवड्याभरात पोपडे धरते.

दुसरे रोजचे माप. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात रानातल्या इस्राएली लोकांना देवाकडून मान्ना नावाचे अन्न मिळते ते माणशी एक ओमर, साधारण दोन लिटरचे माप. उद्यासाठी कुणी राखून ठेवले तर त्यात किडे पडले, घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती, कारण सातवा विसाव्याचा. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'रोजची भाकर' मागतो. मराठी भाषांतरकारांनी भाकर हा शब्द घातला हे फार बरे केले. भाकर रोज थापावी लागते, सकाळची रात्री चिवट होते, दुसऱ्या दिवशी कुस्करून दुधात घालावी लागते. समाधानाचेही तसेच आहे. शिबिरात किंवा उपवास-प्रार्थनेत मिळालेल्या आनंदावर वर्ष काढू पाहणारे बहुतेक जण तीन-चार महिन्यांत कोरडे पडतात आणि पुढच्या शिबिराची वाट बघत बसतात. रोज वीस मिनिटे हे वर्षातून तीन दिवसांपेक्षा जास्त टिकते.

त्या वीस मिनिटांपैकी पाच सकाळची, पंधरा रात्रीची. सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी एक स्तोत्र, मोठ्याने. मोठ्याने यासाठी, की मनातल्या मनात वाचताना डोळे ओळींवरून घसरत जातात. दिवसाला पाच स्तोत्रे वाचली तर 30 दिवसांत संपूर्ण स्तोत्रसंहिता होते, ती जुनी रीत आहे. पण नव्याने सुरू करणाऱ्याने एकच घ्यावे. 119 व्या स्तोत्रात 176 वचने आहेत, ते आठ-आठ वचनांनी तोडावे. मूळ हिब्रूतही ते आठ-आठ वचनांच्या बावीस कडव्यांत बांधलेले आहे.

रात्रीची पंधरा मिनिटे जेझुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लॉयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेल्या पाच पायऱ्यांवर बसवता येतात. प्रॉटेस्टंट घरांनाही यात अडचण वाटू नये, पायऱ्या साऱ्या शास्त्राला धरून आहेत. पहिली चार मिनिटे उपकारस्तुती. मग एक मिनिट, दिवस खरेपणाने बघता यावा म्हणून प्रकाश मागणे. मग सहा मिनिटे सकाळपासून तास-तास धरून दिवस चालत येणे, कुठे मन हलके झाले, कुठे जड झाले. मग दोन मिनिटे क्षमा. शेवटची दोन उद्यासाठी, एकच ठरवलेली गोष्ट. बिघडते कुठे, तर तिसऱ्या पायरीवर. ती सगळा वेळ खाते, पापांची उजळणी होते आणि माणूस सुरुवातीपेक्षा खिन्न होऊन उठतो. म्हणून उपकारस्तुती आधी, आणि घड्याळ समोर. अंथरुणात पडून करू नये, झोप लागते. खुर्चीवर किंवा भिंतीला टेकून बसावे.

उपकारस्तुतीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण इथेच सर्वांत जास्त चुकते. 'सर्व आशीर्वादांबद्दल तुझे आभार' या वाक्याने मनावर ओरखडासुद्धा उठत नाही. शंभर पानी वही घ्यावी, तारीख घालावी आणि तीनच ओळी लिहाव्यात. प्रत्येक ओळीत माणूस, वेळ किंवा जागा यांपैकी एक तरी असावे. 'पहाटे चारला पोराचा ताप उतरला.' 'समोरच्या काकूंनी न सांगता दळण आणून दिले.' 'एसटीत खिडकी मिळाली, पावसानंतरचा घाट दिसला.' महिन्याच्या नव्वद ओळी एकदम वाचल्या की कळते, वस्तूंपेक्षा माणसांची नावेच जास्त आहेत. त्या माणसांना तसे सांगावे. एखाद्या रात्री तीन ओळी सुचत नसतील तर एक लिहावी. कालची ओळ पुन्हा उतरवू नये.

वाईट गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे का, हा प्रश्न अभ्यासवर्गात दर वेळी निघतो. थेस्सलनीकाकरांना पौल सर्व स्थितींत उपकारस्तुती करायला सांगतो. इफिसकरांच्या पत्रात 'सर्व गोष्टींबद्दल' असेही आहे. पण एपफ्रदीताच्या आजाराबद्दल पौलाने आभार मानलेले दिसत नाहीत, तो बरा झाला याबद्दल देवाची दया मानली आहे. लाजर या आपल्या मित्राच्या कबरेपाशी येशू रडला. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'याबद्दलही स्तुती कर' असे सांगणारा सल्ला शास्त्रातला नाही, आणि तो देणाऱ्याने आधी तिला सुरक्षित जागी पोचवावे.

याच कारणासाठी समाधान म्हणजे अन्याय मुकाट गिळणे, हा अर्थही झाडून टाकला पाहिजे. महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्या कितीतरी घराण्यांनी जातीचे चटके सोसले आहेत. त्यांना कुणी 'आहे त्यात समाधान माना' म्हटले तर राग येणे रास्त आहे. मध्यरात्री गाणाऱ्या पौलाने सकाळी काय केले, ते बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पुढेच लिहिले आहे. अधिकाऱ्यांनी शिपाई पाठवून 'सोडून द्या' म्हटले. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमन नागरिक, चौकशी न करता आम्हांला चारचौघांत मारले, आता गुपचूप घालवता काय? त्यांनी स्वतः यावे आणि आम्हांला बाहेर न्यावे. ते आले, त्यांनी विनवण्या केल्या. रात्रीचे गाणे आणि सकाळची मागणी एकाच माणसाची. आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. देवावर इतके विसंबून राहणाऱ्या या बाईंनी 1897 मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या पत्राला लिहून पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या स्त्रियांची दैना चव्हाट्यावर मांडली, आणि प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेले. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी तरीही शेवटपर्यंत सोडले नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, आणि ते बायबल 1924 मध्ये छापून निघाले.

मन कोरडे पडण्याच्या वेळा असतात. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या साधूने या कोरडेपणाला 'दुपारचा सैतान' म्हटले आहे. साधारण दहा ते दोन ही त्याची वेळ. सूर्य हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो, माणूस पुन्हा पुन्हा खिडकीतून डोकावतो, ही जागा नको, हे काम नको, इथे कुणाला माझी माया नाही, असे वाटू लागते. त्याची खिडकी म्हणजे आज हातातला पडदा. दुसऱ्यांचे लग्न, दुसऱ्यांची गाडी, दुसऱ्यांच्या मंडळीतली गर्दी. 73 व्या स्तोत्रात आसाफाने हीच गोष्ट लिहिली आहे. दुर्जनांची भरभराट पाहून त्याचे पाय घसरायच्या बेतात होते, ते देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर सावरले. इव्हाग्रियसचा उपाय साधा होता. जागा सोडू नको, हातातले काम पुरे कर, रडू आले तर रड. दुपारी एखादे लहान काम पूर्ण करून मगच उठावे, भांडी असोत की फाइल.

शरीर विसरू नये. एलीया हा संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचे भांडे दिले. तो खाऊन झोपला, पुन्हा उठवून पुन्हा खायला घातले. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने दुःखावर पाच उतारे सांगितले आहेत. काहीतरी सुखाचे करणे, रडणे, मित्रांची सोबत, सत्याचे चिंतन, आणि पाचवा उतारा झोप व स्नान. एवढ्या मोठ्या धर्मपंडिताने अंघोळीची नोंद करावी, हे आम्हांला फार दिलासा देणारे वाटते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टर हवाच. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा क्रमांक मंडळीच्या सूचनाफलकावर लावून ठेवावा. औषध घेणाऱ्याचा विश्वास कमी असतो असे समजणे क्रूरपणाचे आहे.

द्यायला शिकल्याशिवाय समाधान मुरत नाही. मासेदोनियातल्या याच मंडळ्यांबद्दल पौल करिंथकरांना लिहितो, की त्यांच्या कमालीच्या दारिद्र्यात त्यांचा आनंद औदार्य होऊन उतू गेला. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन घरांत भात रांधताना मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढायची रीत शंभराहून अधिक वर्षांची आहे. आपल्या घरात पीठ मळताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकावी आणि महिन्याअखेर ज्या घरात गरज आहे तिथे तो डबा न्यावा. पैसे ऑनलाइन पाठवण्यात हाताला काही शिकायला मिळत नाही.

आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणारा चर्चमधला विधी. कॅथलिक बांधव त्याला युखरिस्त म्हणतात, त्याचा मूळ अर्थच उपकारस्तुती. भाकर हातात घेऊन येशूने उपकार मानले ते कोणत्या रात्री? धरून दिला गेला त्या रात्री. जेवणानंतर गीत गाऊन ते जैतुनाच्या डोंगराकडे गेले. थोड्याच वेळाने तोच येशू म्हणाला, की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे. गीत आणि खिन्नता यांच्यामध्ये गेथशेमाने बागेपर्यंतची वाट तेवढी होती. प्रभूच्या मेजापाशी डोळे पुसत येणाऱ्याला कुणी थांबवू नये.

मयताच्या घरी जाणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. पहिल्या दिवशी वचने सांगू नका. जेवणाचा डबा न्या, भांडी घासून ठेवा, शेजारी बसा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारून 13 वे किंवा 131 वे स्तोत्र वाचा. 131 वे तीनच वचनांचे आहे. आईचे दूध तुटलेले मूल तिच्या मांडीवर शांत बसले आहे, असे त्यात चित्र आहे. तान्हे मूल आईजवळ दुधासाठी झोंबते. दूध तुटलेले नुसते आई हवी म्हणून बसते. ते तुटताना किती रडले असेल, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे.

संपादक महोदय, येत्या नाताळच्या पुरवणीत केकच्या पाककृतीशेजारी फिलिप्पैच्या त्या रात्रीला चार ओळींची जागा मिळावी ही विनंती. भूकंपाने दारे उघडली, तुरुंगाधिकारी जीव द्यायला निघाला, पौलाने हाक मारून त्याला थांबवले. एवढे बहुतेकांना माहीत असते. त्यानंतर त्या तुरुंगाधिकाऱ्याने त्याच घटकेला दोघांच्या जखमा धुतल्या, त्यांना घरी नेऊन जेवायला वाढले, आणि त्या घरात आनंद झाला.

आपले नम्र,
बायबल अभ्यासवर्ग चालवणारे दोन वाचक, अहिल्यानगर